चूळ भरा

७ एप्रिल १६६०. ॲमस्टरडॅममध्ये निल्स स्टेन्सन नावाचा बावीस वर्षांचा डॅनिश विद्यार्थी मेंढीचं डोकं समोर घेऊन बसला होता. शरीररचना शिकायला तो नुकताच या शहरात आला होता. मेंदू पाहायचा म्हणून त्याने ते डोकं विकत आणलं होतं, पण मेंदूकडे वळण्याआधी तोंडाकडे जाणाऱ्या नळ्या पाहाव्यात असं त्याच्या मनात आलं. कानापुढच्या मांसल ग्रंथीतून निघालेल्या एका बारीक नळीत त्याने सळई सरकवली. सळई अडखळत पुढे गेली, मोकळी झाली आणि तिचं टोक दातांवर खट्‌कन आपटलं. त्याच्या प्राध्यापकांनी आधी ही चूक आहे म्हणून त्याला झटकून टाकलं, आणि पुढे शोध आपलाच असल्याचा दावाही केला. नळीला नाव मात्र त्या पोराचंच मिळालं. आजही दंतवैद्यकाच्या पुस्तकांत ती ‘स्टेन्सनची नळी’ म्हणूनच ओळखली जाते.

ही नळी कुठे उघडते ते जिभेने चाचपून कळतं. वरच्या दुसऱ्या दाढेसमोर, गालाच्या आतल्या बाजूला, एक बारीकसा उंचवटा लागतो. दाढ भरून घ्यायला खुर्चीत बसलेल्या माणसाच्या गालात डॉक्टर जी कापसाची गुंडाळी सरकवतात, ती नेमकी तिथेच बसवतात. कानापुढच्या ग्रंथीतली लाळ तिथून पाझरत असते, आणि ओल्या दाढेला सिमेंट धरत नाही. दुसरी गुंडाळी जिभेखाली जाते, कारण जबड्याखालच्या ग्रंथीच्या नळ्या तिथे उघडतात. माणसाला अशा मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या असतात. शिवाय ओठ, गाल आणि टाळूच्या आतल्या त्वचेत शेकडो बारक्या ग्रंथी विखुरलेल्या असतात. सगळ्या मिळून दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करतात. दाताच्या दवाखान्यातलं निम्मं काम या लाळेला बाजूला ठेवण्याचंच असतं.

लाळ आणि रोग यांचं नातं मराठी घराला परकं नाही. उष्टा चमचा पुन्हा भाजीत बुडवायचा नाही, तांब्या तोंडाला न लावता वरून पाणी प्यायचं, या सवयी जंतूंचा शोध लागण्याच्या कितीतरी आधीच्या आहेत. ‘उष्टं’ या एका शब्दात घरातल्या बाईने लाळेचा सगळा हिशेब मांडून ठेवला होता. गुरांच्या साथीच्या रोगाचं नाव ठेवतानाही शेतकऱ्याची नजर जनावराच्या तोंडातून लोंबणाऱ्या धारेवरच गेली. त्याने नाव ठेवलं लाळ्या-खुरकूत. आणि १८९८ मध्ये लोफलर आणि फ्रॉश या जर्मन संशोधकांनी प्राण्यांतला विषाणू पहिल्यांदा सिद्ध केला, तो याच रोगाचा.

पण लाळ दूषित असते हे ठाऊक असणं वेगळं, आणि रोग लाळग्रंथीतच घर करतो हे कळणं वेगळं. ही दुसरी गोष्ट कळायला बराच काळ जावा लागला.

१८०४ मध्ये गेओर्ग गॉटफ्रीड झिंके या जर्मन डॉक्टरने पिसाळलेल्या कुत्र्याची लाळ बारीक कुंचल्याने निरोगी कुत्र्याच्या जखमेत लावली आणि तो कुत्राही पिसाळतो हे दाखवून दिलं. पुढे पाश्चरने याच रोगावर काम सुरू केलं. त्याच्या जावयाने लिहिलेल्या चरित्रात एक प्रसंग आहे. पिसाळलेल्या बुलडॉगला टेबलावर जखडून ठेवलं आहे, आणि पाश्चर काचेची नळी ओठांत धरून त्याच्या जबड्यातली फेसाळ लाळ ओढून घेतो आहे. माणसाचा चेहरा रोगी तोंडापासून वीतभर अंतरावर. दाताच्या डॉक्टरांचं रोजचं काम याच अंतरावरून चालतं.

स्टेन्सनच्या नळीची पुन्हा गाठ पडते ती १९३४ मध्ये, अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात. व्हँडरबिल्ट विद्यापीठात क्लॉड जॉन्सन आणि अर्नेस्ट गुडपाश्चर हे दोघं गालगुंडाच्या मागे लागले होते. एका बाजूचा गाल टम्म फुगलेलं पोर आणि कानाभोवती बांधलेला रुमाल हे चित्र आपल्याकडे घरोघरी पाहिलेलं. हा रोग कशाने होतो हे मात्र तेव्हा सिद्ध झालेलं नव्हतं. दोघांनी आजारी माणसांची लाळ घेतली आणि ती माकडांच्या गालातल्या त्याच नळीतून उलट्या दिशेने आत सोडली. माकडांचे गाल सुजले. जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळलेला स्रावही तेच करत होता, म्हणजे कारण विषाणू हेच होतं. लाळ बाहेर येण्याची वाट रोगाला आत शिरायलाही चालते, हे त्या प्रयोगांतून नक्की झालं.

माणसांतल्या कोरोना विषाणूंची गोष्ट यानंतर तीसेक वर्षांनी सुरू होते. १९६५ मध्ये इंग्लंडमध्ये टायरेल आणि बायनो यांना साध्या सर्दीच्या रुग्णाकडून एक अनोळखी विषाणू मिळाला. जून अल्मेडा यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अशा विषाणूंच्या कडेची काट्यांची झालर टिपली, आणि १९६८ मध्ये या घराण्याला कोरोना हे नाव पडलं. नंतर चारच वर्षांनी, १९७२ मध्ये, येल विद्यापीठातल्या भट्ट, पर्सी आणि जोनास यांनी प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या एका आजाराचं मूळ शोधलं. या आजारात उंदरांची मान सुजायची, डोळे पाणावायचे, लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथी फुगायच्या. कारण निघालं एक कोरोना विषाणू. लाळग्रंथीवरच हल्ला करणारा कोरोना विषाणू असू शकतो, हे अशा रीतीने २०२० च्या ४८ वर्षं आधीच छापून आलं होतं. उंदरांच्या पिंजऱ्यांची काळजी घेणाऱ्यांनी ते वाचलं. माणसांच्या दातांची काळजी घेणाऱ्यांपर्यंत ते पोचायचं काही कारणच नव्हतं, कारण माणसाला कोरोनाने तोवर सर्दीपलीकडे फारसं काही केलं नव्हतं.

ते २००३ मध्ये बदललं. सार्सच्या साथीत आठ हजारांच्या वर लोक आजारी पडले आणि ७७४ दगावले. तैवानच्या डॉक्टरांनी २००४ मध्ये नोंदवलं की रुग्णांच्या घसा धुतलेल्या पाण्यात आणि लाळेत विषाणूचे अंश सापडतात. मग २०११ मध्ये चिनी संशोधकांनी ऱ्हीसस माकडांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. सार्सचा विषाणू वरच्या श्वसनमार्गात अगदी सुरुवातीला ज्या पेशींना धरतो, त्यांत लाळग्रंथींच्या नळ्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी होत्या. पुन्हा तीच नळी. सार्स तोवर नाहीसा झाला होता, त्यामुळे या शोधाची फारशी चर्चा झाली नाही.

आता दवाखान्याच्या बाजूने हाच काळ पाहायला हवा, कारण लाळेच्या इतक्या जवळ बसून पोट भरणारा दुसरा धंदा नाही.

आपल्याकडे दात काढणं हे फार काळ न्हाव्याचं, वैदूचं, जत्रेतल्या माणसाचं काम होतं. कलकत्त्यात आर. अहमद यांनी १९२० मध्ये देशातलं पहिलं दंत महाविद्यालय सुरू केलं, आणि या व्यवसायाला कायदा मिळाला तो थेट १९४८ मध्ये. मधल्या काळात मुंबई-कलकत्त्याच्या कित्येक मोहल्ल्यांत ‘चायनीज डेंटिस्ट’ अशा पाट्या लागलेल्या असत. कवळी बसवायला मुंबईकर बिनदिक्कत त्यांच्याकडे जात. भारतात आलेल्या चिनी लोकांत गावागावाचा धंदा ठरलेला होता. हाक्का लोक चामड्याचं आणि जोड्यांचं काम करत, कँटनचे लोक सुतारकाम करत, आणि दात बसवणारे बहुतेक हुबेई प्रांतातले असत. बापाकडून मुलाने, काकाकडून पुतण्याने शिकलेली ही कला होती. हुबेईची राजधानी म्हणजे वुहान. या योगायोगाचा कोविडच्या साथीशी काही संबंध नाही, पण वुहानमधल्या दंतवैद्यांची हकीकत पुढे येणार आहे, तेव्हा त्याच प्रांतातल्या हातांनी मुंबईच्या कितीतरी आजी-आजोबांना चावून जेवता येईल असं केलं, हेही लक्षात असावं.

ते हात उघडे असत. त्यांचेच असं नाही, जगभरच्या दंतवैद्यांचे. बोटांना दाताची कड, हिरडीचा फुगवटा जाणवला पाहिजे, रबर मध्ये आलं तर अंदाज चुकतो, असं शिकवलं जाई आणि शिकवणाऱ्यांना ते मनापासून पटलेलं असे. शल्यविशारदांनी हातमोजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच घातले होते. दंतवैद्य दिवसभर रक्त आणि लाळ यांत बोटं बुडवून संध्याकाळी साबणाने हात धूत राहिले. या धंद्यात कावीळ ब चं प्रमाण सर्वसामान्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे हे पुढे रक्ताच्या तपासण्यांतून दिसलं. नखाजवळची एखादी चीर त्याला पुरत होती. १९८०च्या दशकात एड्स आला तेव्हा कुठे चित्र पालटलं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९८६ मध्ये दंतवैद्यांसाठी संसर्ग टाळण्याचे नियम काढले आणि हातमोजे, मास्क, चष्मा हा रोजचा वेश झाला. काविळीने जे वर्षानुवर्षं पटवलं नव्हतं ते एड्सच्या भीतीने काही वर्षांत पटवलं.

या नियमांनी हात राखले. हवेचा प्रश्न तसाच राहिला, आणि तो प्रश्न एका फार चांगल्या यंत्राने निर्माण केला होता.

जुनं दात कोरायचं यंत्र पायाने चालवत किंवा पट्ट्यावर फिरवत. मिनिटाला काही हजार फेरे, कवटी हादरवणारी थरथर. १९५७ मध्ये जॉन बोर्डेन या अमेरिकन दंतवैद्याने हवेच्या दाबावर फिरणारं टर्बाइन बाजारात आणलं. मिनिटाला सुमारे तीन लाख फेरे! त्या मालाचं नाव ‘एअरोटर’, आणि आपल्याकडचे डॉक्टर आजही त्या जातीच्या कुठल्याही यंत्राला एअरोटरच म्हणतात. त्याची ती बारीक शिट्टी बाहेर बाकावर बसलेल्याच्याही पोटात गोळा आणते. पण त्याने रुग्णाचे हाल फार कमी केले. इतक्या वेगाने घासताना दात तापतो आणि आतली नस भाजू शकते, म्हणून टोकाशी पाण्याचा फवारा सोडावा लागतो. हा फवारा दाढेवर पडतो, लाळेला भेटतो आणि धुक्यासारखा तोंडाबाहेर येतो. डॉक्टरांच्या चष्म्यावर साचणारे ठिपके, दिव्याच्या काचेवरचा ओलसर थर, रुग्णाच्या छातीवरच्या टॉवेलवरची शिंतोड्यांची नक्षी हे सारं त्या धुक्याचं. दात साफ करायचं अल्ट्रासॉनिक स्केलर त्याच सुमारास आलं, आणि त्याचं धुकं याहून दाट.

१९६९ मध्ये मिसिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत या धुक्यातले जिवाणू मोजून प्रसिद्ध केले. तोंडातले जंतू खोलीच्या हवेत जातात हे त्यांच्या आकड्यांनी स्पष्ट केलं. तोंडातच धुकं खेचून घेणारं जोरदार सक्शन आणि दाताभोवती ताणून बसवायचा रबरचा पडदा हे दोन्ही उपाय माहीत होते. तरीही १९८६ नंतरचं सारं लक्ष रक्तावर राहिलं, आणि खिडकी बंद, एसी चालू अशा दहा बाय दहाच्या खोलीत दंतवैद्यक सुखाने चालू राहिलं. यात कुणा एकाचा दोष काढता येत नाही. पण इशारा पन्नास वर्षं कपाटात पडून होता, ही खंत करण्यासारखीच गोष्ट आहे.

जानेवारी २०२० मध्ये वुहानच्या दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात तो इशारा पुन्हा आठवावा लागला. तिथल्या मेंग, हुआ आणि बियान यांनी मार्चमध्ये लिहिलेल्या लेखात स्वतःच्या सहकाऱ्यांचा हिशेब दिला आहे. ९ जणांना कोविडचा संसर्ग झाला: ३ डॉक्टर, ३ परिचारिका, २ कार्यालयीन कर्मचारी आणि १ पदव्युत्तर विद्यार्थी. शहर बंद झाल्यावर त्यांनी फक्त तातडीचे रुग्ण घेतले. २४ जानेवारीपासून १६९ जणांनी पूर्ण संरक्षक वेशात सातशेच्या वर रुग्ण तपासले. साथ ऐन भरात असताना, स्वतःचे सहकारी आजारी असताना, या लोकांनी बसून इतरांसाठी नियम लिहून काढले. उपचाराआधी गुळणी करून घ्या, रबरचा पडदा लावा, जमेल तिथे एअरोटर टाळा, एक्स-रे तोंडाबाहेरून काढा. जगभरच्या दंतवैद्यांनी पुढची दोन वर्षं त्याच धर्तीवर काम केलं.

१५ मार्चला न्यूयॉर्क टाइम्सने व्यवसायांच्या धोक्याचा आलेख छापला. कोपऱ्यात, सगळ्यांच्या वर, दात साफ करणाऱ्या हायजिनिस्ट आणि दंतवैद्य यांचे ठिपके होते. दुसऱ्याच दिवशी अमेरिकन डेंटल असोसिएशनने तातडीचं नसलेलं काम तीन आठवडे थांबवायला सांगितलं. भारतात २५ मार्चपासून टाळेबंदी लागली. १९ मे रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दंतवैद्यांसाठी नियमावली काढली: प्रतिबंधित क्षेत्रात दवाखाने बंद, रेड झोनमध्ये फक्त तातडीचं काम, बाकी सल्ला फोनवर. ठणकणारी दाढ फोनवर काय थांबणार? लोकांनी लवंगेचं तेल लावलं, गोळ्या खाल्ल्या, सुजलेल्या गालाने रात्री काढल्या. आणि दवाखाने बंद असलेल्या कित्येक दंतवैद्यांना सरकारने स्वॅब घेण्याच्या कामाला लावलं, कारण घसा आणि टाळू त्यांच्याइतकं कोण ओळखतं? ज्या अंतराच्या भीतीने त्यांची खुर्ची थांबली होती, त्याच अंतरावरून ते पीपीई किटमध्ये घामाने निथळत उभे राहिले.

भीती किती खरी होती याचा हिशेब नंतर लागला. इंग्लंडच्या वेस्ट मिडलंड्स भागात जून २०२० मध्ये १५०७ दंत-कर्मचाऱ्यांचं रक्त तपासलं. १६.३ टक्के लोकांत प्रतिपिंडं सापडली. त्या भागातल्या सर्वसामान्य लोकांत हे प्रमाण ६ ते ७ टक्के होतं. याच अभ्यासातला दुसरा आकडा जास्त बोलका आहे. त्याच दवाखान्यांत बाहेर टेबलाशी बसून नावं लिहून घेणाऱ्या, रुग्णाच्या तोंडाजवळ न जाणाऱ्या स्वागतिकांत प्रमाण होतं ६.३ टक्के. तोच दरवाजा, तीच इमारत. उलट अमेरिकेत जूनमध्येच दोन हजारांवर दंतवैद्यांना विचारून काढलेला अंदाज फक्त ०.९ टक्के निघाला. मोजण्याची पद्धत वेगळी होती, हे खरं. पण तोवर जवळपास प्रत्येकाने आपली कामाची पद्धत बदलली होती, हेही खरं.

या सगळ्यात दोन माणसांची नावं कुठे येत नाहीत. खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला सक्शनची नळी धरून उभी असते ती असिस्टंट, आणि रुग्ण उठल्यावर तस्त धुणारी, भांडी उकळणारी मावशी. डॉक्टरांचा चेहरा तोंडापासून जेवढा दूर, तेवढाच असिस्टंटचा. धुकं खेचणारी नळी तिच्या हातात असते, म्हणजे डॉक्टरांचं संरक्षण खरं तर तीच करत असते. वेस्ट मिडलंड्सच्या तक्त्यात तिला निदान एक रकाना तरी मिळाला. आपल्या गल्लीतल्या दवाखान्यात ती दहावी झालेली, शेजारच्या वस्तीतून येणारी मुलगी असते. २०२० मध्ये तिच्या मास्कचे पैसे कोणी दिले, घरी विलगीकरणाला तिच्याकडे वेगळी खोली होती का, हे प्रश्न या व्यवसायाच्या इतिहासात नोंदवले गेले पाहिजेत.

दरम्यान नळीचं गूढही उकललं. विषाणूला आत शिरायला जे एसीई-२ नावाचं कुलूप लागतं, ते लाळग्रंथींच्या पेशींवर आहे हे २०२० मध्येच दिसलं होतं. मार्च २०२१ मध्ये नेचर मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या केव्हिन बर्ड, ब्लेक वॉर्नर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. कोविडने गेलेल्यांच्या लाळग्रंथींचे जे नमुने तपासले, त्यांतल्या निम्म्याहून जास्तीत विषाणूचा आरएनए होता, आणि विषाणू तिथे वाढतही होता. लक्षणं नसलेल्या आठ जणांची लाळ निरोगी पेशींवर घातली, तर दोघांच्या लाळेने त्या पेशींना संसर्ग झाला. खोकला नाही, ताप नाही, तरी लाळेत जिवंत विषाणू. तोंडाला चव नसणाऱ्यांत लाळेत विषाणू असण्याचं प्रमाण जास्त होतं. म्हणजे लाळेतला विषाणू फुप्फुसातून वर येऊन मिसळलेला असतो असं गृहीत धरायची गरज उरली नाही. लाळ जिथे बनते तिथेच तो बनत होता.

आणि तरीही, धुक्याने अपेक्षेइतका घात केला नाही. ओहायो स्टेट विद्यापीठात पूर्णिमा कुमार आणि सहकाऱ्यांनी २८ रुग्णांवर उपचार चालू असताना उडालेले थेंब गोळा केले: डॉक्टर आणि असिस्टंट यांच्यावरून, रुग्णाच्या छातीवरून. त्यातले बहुतेक जंतू यंत्रातून येणाऱ्या पाण्याचे निघाले, लाळेचा वाटा फार थोडा. काही रुग्णांच्या लाळेत कोरोना होता, उडालेल्या थेंबांत तो सापडला नाही. फवाऱ्याचं पाणी लाळेला इतकं पातळ करतं, आणि उरलेलं सक्शन ओढून घेतं. ज्या पाण्याच्या धुक्याबद्दल पन्नास वर्षांपूर्वी इशारा मिळाला होता, त्या पाण्यानेच थोडं राखलं होतं.

नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेत कृष्णा खैरनार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच लाळेचा उपयोग करून घेतला. त्यांच्या चाचणीला मे २०२१ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा दुसरी लाट विदर्भातून अजून पुरती ओसरली नव्हती. नाकात काडी नाही, घशात काडी नाही. एका साध्या नळीत मिठाचं पाणी. ते तोंडात घ्यायचं, पंधरा सेकंद गुळणी करायची, तोंडात खळखळवायचं आणि परत त्याच नळीत थुंकायचं. दाताच्या खुर्चीशेजारच्या तस्तात माणसं पिढ्यान्‌पिढ्या जे टाकून देत आली, ते इथे झाकण लावून प्रयोगशाळेत गेलं. तीन तासांत अहवाल. नमुना रुग्णाने स्वतःच दिला. त्याच्या तोंडाजवळ कुणाला वाकावं लागलं नाही.